चिनी वनौषधी आणि घरातले मांजर : एक ग्रंथविचार

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत ‘चिनी’ हे पद औषधांच्या नावांना सहज चिकटलेले आढळते. दालचिनी, कबाबचिनी, रेवंदचिनी, चोपचिनी ही चार नावे हकिमाच्या नुस्ख्यात आणि काष्ठौषधीच्या दुकानात आजही ऐकू येतात. यांपैकी दालचिनी हे मूळचे फारसी ‘दारचिनी’, म्हणजे चीनचे लाकूड. परंतु आपल्याकडे ती प्रामुख्याने लंका आणि मलबारची. कबाबचिनी म्हणजे कंकोळ, ते जावा बेटाचे. रेवंदचिनी मात्र खरोखरच चीनच्या वायव्य भागातून मध्य आशियामार्गे आली. चोपचिनी सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्यावर पसरली. गार्सिया दा ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. इराणी व हिंदी हकिमांनी तिच्यावर रिसाले रचले, आणि भावप्रकाशकारांनी तिला ‘द्वीपान्तरवचा’ असे संस्कृत नाव दिले. चार नावांत दोनच खरी चिनी. औषधाच्या नावातला देश हा नेहमीच त्याचा पत्ता असतो असे नाही. पुष्कळदा ती केवळ प्रतिष्ठेची मोहोर असते.

हे सर्व आठवण्याचे कारण एक बाटली. आमच्या एका सहकारी प्राध्यापिकेच्या घरी ‘मानो’ नावाचे चौदा वर्षांचे मांजर आहे. त्याचे मूत्रपिंड निकामी होत चालले आहे असे पशुवैद्याने सांगितल्यावर त्यांच्या परदेशातील भाच्याने चिनी वनौषधींच्या गोळ्या पाठविल्या. ‘सर, तुम्ही वर्गात तिब्बच्या जुन्या किताबांवर बोलता, जरा बघून सांगा,’ असे म्हणून बाटली माझ्यासमोर ठेवण्यात आली. मी वैद्य नाही आणि पशुवैद्य तर नाहीच. मला येते ते ग्रंथ वाचणे. बाटलीसोबतच्या पत्रकात ‘हजारो वर्षांची प्राचीन परंपरा’ असे लिहिले होते. ही परंपरा कोणत्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथाचा रुग्ण कोण आहे आणि मधल्या काळात त्याचे काय झाले, एवढेच तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

चिनी पशुवैद्यकाचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘युआन-हंग ल्याओ-मा जी’ हा १६०८ सालचा, म्हणजे मिंग घराण्याच्या उत्तरकाळातील. यू बन्युआन आणि यू बन्हंग या दोन भावांनी तो रचला. ग्रंथनामातील ‘युआन’ व ‘हंग’ ही अक्षरे त्यांच्याच नावांतली आहेत. शीर्षकाचा अर्थच मुळी घोड्यांच्या उपचारांचा संग्रह असा आहे. पुढे त्याला बैल आणि उंट यांचे भाग जोडले गेले. घोड्याचे बहात्तर विकार सांगताना प्रत्येकाची लक्षणे, चित्र आणि बरोबर पद्य अशी त्याची मांडणी आहे. काही भाग प्रश्नोत्तर रूपाचा आहे. घोडा पोटदुखीने कसा लोळतो, मान वळवून कुशीकडे कसा पाहतो, तोंडातील कातडीचा रंग केव्हा फिका आणि केव्हा निळसर होतो, ही निरीक्षणे तबेल्यात आयुष्य काढलेल्या माणसाची आहेत यात शंका नाही. पद्य का? तर मोतद्दाराला व शेतकऱ्याला पाठ करता यावे म्हणून. मिंग सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने घोडे पाळून घेत असे. घोडा मेला तर भरपाई त्याच्याच डोक्यावर येई. अशा माणसाला पाठ येणाऱ्या चार ओळी किती मोलाच्या असतील याची कल्पना करता येते. त्याही आधी, तांग काळातील ली शी याच्या नावावर असलेला पशुवैद्यक ग्रंथ असाच घोड्यांचा आहे. सहाव्या शतकातील ज्या सस्ये याच्या कृषिग्रंथातील पशुप्रकरणे शेतावरच्या जनावरांची आहेत.

उर्दूच्या अध्यापकाला ही मांडणी ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही. रेख्तीसाठी बदनाम झालेला आपला सआदत यार खाँ रंगीन याने घोड्यांवर ‘फरसनामा’ लिहिला, तोही पद्यात. कर्नल फिलट याने १९११ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात रंगीनची रेख्ती येते, फरसनामा येत नाही, याची खंत जाता जाता नोंदवतो. रंगीनच्या मागे फारसी फरसनाम्यांची लांब परंपरा आहे, आणि त्या फारसी परंपरेत संस्कृत शालिहोत्राची भाषांतरे मिसळलेली आहेत. घोड्याच्या वैद्याला उर्दूत ‘सलोतरी’ म्हणतात ते त्या शालिहोत्र मुनीच्या नावावरून. अरबीतील ‘बैतार’ हा शब्द तर ग्रीक भाषेतून आलेला. म्हणजे घोडा जिथे जिथे गेला तिथे त्याचा वैद्य आणि वैद्याचा शब्दही गेला. घोड्याच्या पाठीवर बसलेले शास्त्र एका देशाचे कसे राहील?

चीनही याला अपवाद नव्हता. मंगोल काळात इराण आणि चीन एकाच राजवंशाच्या शाखांकडे होते. त्या काळात तब्रीझ येथे वजीर रशीदुद्दीन फजलुल्लाह याने चिनी वैद्यकाचे फारसीत भाषांतर करविले. ‘तन्सूकनामा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथाचा, १३१३ साली लिहिलेल्या हस्तलिखिताच्या रूपाने उरलेला, भाग मुख्यतः नाडीपरीक्षेचा आहे. उलट्या दिशेने, अरबी-फारसी तिब्बचा एक मोठा संग्रह चिनी भाषेत तयार झाला. त्याचे नाव ‘हुइहुइ याओफांग’, म्हणजे मुसलमानी नुस्खे. मूळच्या छत्तीस खंडांपैकी चारच आज बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात उरले आहेत, आणि त्यांत औषधांची नावे मध्येच अरबी लिपीत लिहिलेली आहेत. पॉल ब्युएल आणि युजीन अँडरसन यांनी २०२१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. याच ब्युएल यांनी टिमोथी मे आणि डेव्हिड रेमी यांच्यासह २०१० मध्ये ग्रीक व चिनी अश्ववैद्यकाची तुलना करणारा लेख लिहिला. दोन्हींतील साम्ये योगायोगाची नाहीत, असा त्यांचा रोख आहे. रेमी स्वतः पशुवैद्य आहेत आणि चिनी उपचारांचे कठोर टीकाकार, तेव्हा त्यांचा आवेश थोडा वजा करूनच वाचावे. तरीही ‘शुद्ध चिनी’ ही कल्पना या पुराव्यापुढे टिकत नाही असे मला वाटते.

आता या ग्रंथपरंपरेत घरातले मांजर आणि कुत्रे कुठे आहेत, हा प्रश्न विचारला पाहिजे. उत्तर काहीसे अस्वस्थ करणारे आहे. ली शिझन याच्या १५९६ मध्ये छापलेल्या ‘बन्त्साओ गांगमू’ या महान औषधिकोशात कुत्राही आहे आणि मांजरही आहे, परंतु रुग्ण म्हणून नव्हे, औषधी द्रव्य म्हणून. दरबारात लाडके कुत्रे होते हे खरे. पण पशुवैद्यकाच्या मुख्य ग्रंथांचा रुग्ण तो नव्हता. १९५६ मध्ये चीन सरकारने गावोगावच्या पारंपरिक पशुवैद्यांना संघटित करण्याचा आदेश काढला, तोही शेतीच्या जनावरांसाठी. बीजिंग शहरात तर १९८३ मध्ये कुत्री पाळण्यावर बंदी आली आणि १९९० च्या दशकात ती सैल झाली. पाळीव प्राण्यांचे ‘प्राचीन चिनी वैद्यक’ ज्या काळात आकाराला येत होते, तो काळ हाच. फक्त ठिकाण अमेरिका. प्राण्यांच्या सूचिचिकित्सेची आंतरराष्ट्रीय संघटना तेथे १९७४ मध्ये स्थापन झाली, आणि पशुवैद्यांना चिनी पद्धती शिकविणारी ‘ची इन्स्टिट्यूट’ फ्लोरिडात १९९८ मध्ये सुरू झाली. परंपरा नवी असणे हा दोष नव्हे. नवी असून जुने दाखले मिरवणे हा आहे.

या नव्या परंपरेतील दोन ग्रंथ विशेष वाचले जातात. पहिला चेरिल श्वार्ट्झ या कॅलिफोर्नियातील पशुवैद्य बाईंचा ‘फोर पॉज, फाइव्ह डिरेक्शन्स’ हा १९९६ सालचा. कुत्री-मांजरे पाळणाऱ्या सामान्य वाचकासाठी तो लिहिलेला आहे. यिन-यांग, पाच तत्त्वे, आठ लक्षणे यांची ओळख करून देऊन मग एकेका अवयवाचे विकार, दाबबिंदू, आहार व वनौषधी असा त्याचा क्रम आहे. या पुस्तकाचे खरे श्रेय असे की ते मालकाला आपल्या जनावराकडे पाहायला शिकवते. ते पाणी किती पिते, ऊन शोधते की गार फरशी, जिभेचा रंग कसा आहे, सांधे सकाळी आखडतात की संध्याकाळी. हे प्रश्न यू बंधूंना आवडले असते. तिब्बमधील मिजाज ज्यांना ठाऊक आहे अशा आपल्या वाचकांनाही ते परके वाटणार नाहीत.

परंतु याच ठिकाणी भाषांतराची पहिली अडचण येते. इंग्रजीत ज्यांना पाच ‘एलिमेंट्स’ म्हटले जाते ती लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही चिनीत ‘वू-शिंग’ आहेत, आणि ‘शिंग’ म्हणजे चालणे, गती. ती आपल्या पंचमहाभूतांसारखी किंवा युनानी अनासिरांसारखी द्रव्ये नव्हेत. एकातून दुसरी उद्भवणारी, एक दुसरीला आवरणारी अशी ती अवस्थांची साखळी आहे. तिचे ‘तत्त्व’ केले की वाचक तिला पदार्थ समजतो, आणि मग हा कुत्रा लाकडाचा, ती मांजर पाण्याची अशी स्वभावांची वर्गवारी सुरू होते. राशिभविष्यासारखी ती वाचायला गोड लागते. पण तिच्यावरून औषध ठरवायचे म्हणजे अवघड आहे.

दुसरा ग्रंथ हुइशंग शिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा चिनी पशु-वनौषधींवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. तो व्यावसायिक पशुवैद्यांसाठी आहे. द्रव्ये, योग, मात्रा, निषेध यांची शिस्तबद्ध मांडणी त्यात आहे आणि संदर्भग्रंथ म्हणून तो श्वार्ट्झ यांच्या पुस्तकापेक्षा कितीतरी वजनदार आहे. तरीही शब्दांची अडचण त्यालाही चुकलेली नाही. चिनी वैद्यकातील ‘पी’ याचे भाषांतर इंग्रजीत ‘स्प्लीन’, म्हणजे प्लीहा, असे रूढ झाले आहे. चिनी ‘पी’ हे पचन, रस आणि रक्ताचे धारण या कार्यांचे नाव आहे. शवविच्छेदनात हाती येणारी प्लीहा नव्हे. हा फरक दाखविण्यासाठी या शाखेचे लेखक इंग्रजीत पहिले अक्षर मोठे लिहितात. आता गंमत अशी, की मराठीत आणि उर्दूत मोठी अक्षरेच नाहीत. हा ग्रंथ उद्या मराठीत आला तर ‘प्लीहा दुर्बल आहे’ हे वाक्य वाचणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने काय समजावे?

हा केवळ शब्दच्छल नाही. मोठ्या कुत्र्यांत प्लीहेचा रक्तवाहिन्यांतून उद्भवणारा एक घातक कर्करोग वारंवार आढळतो. शस्त्रक्रिया करून प्लीहा काढली तरी बहुतेक कुत्री काही महिन्यांतच जातात. या रोगावर ‘युन-झ’ या, चिनी औषधांत वापरल्या जाणाऱ्या भूछत्राचा अर्क देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक प्रयोग झाला. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंधरा कुत्री होती. सर्वाधिक मात्रेच्या गटातील मध्यम आयुर्मान १९९ दिवस भरले, आणि ही बातमी जगभर गेली. त्या प्रयोगात औषध न दिलेला तुलनागट नव्हता, ही गोष्ट मात्र बातमीबरोबर गेली नाही. त्याच विद्यापीठाने पुढे शंभराच्या आसपास कुत्र्यांवर, केमोथेरपीशी तुलना करून, मोठा प्रयोग केला. २०२२ मध्ये त्याचा निकाल आला : अर्कामुळे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पहिल्या प्रयोगाचा आकडा आजही औषधविक्रेत्यांच्या पत्रकांत सापडतो, दुसऱ्याचा क्वचितच. मला या संशोधकांबद्दल आदर वाटतो. त्यांनी परंपरेची खिल्ली उडवली नाही, तिला प्रश्न विचारला, आणि स्वतःचेच आशादायक उत्तर पुन्हा तपासून मागे घेतले. तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंगच्या नुस्ख्यात ‘वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी’ हे वाचून, उकळण्याऐवजी कमी तापमानात अर्क काढला, १९७१ मध्ये तो तपासला, आणि त्यातून हिवतापावरचे औषध मिळाले. २०१५ च्या नोबेल पारितोषिकाच्या मुळाशी एका वाक्याचे बारकाईने केलेले वाचन आहे, हे भाषेच्या अध्यापकाने विसरू नये. आणि वाचनाच्या पुढे प्रयोगशाळा होती हेही.

आता बाटलीकडे येतो. तिच्यावरील घटकांच्या यादीत ‘फांग-जी’ असे एक नाव होते. वनस्पतिशास्त्रीय नाव नाही, कोणता भाग वापरला तेही नाही. चिनी बाजारात ‘फांग-जी’ एकच नव्हे. ‘हान फांग-जी’ ही एक वेल आहे आणि ‘ग्वांग फांग-जी’ ही अगदी वेगळ्या कुळातली, ॲरिस्टोलोकिया कुळातली. आपल्याकडची ईश्वरी आणि हकिमांचे जरावंद याच कुळातले. ब्रुसेल्स येथील वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात पहिल्या वेलीऐवजी दुसरी वापरली गेली आणि तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात त्याचा पहिला अहवाल आला. बाधितांची संख्या पुढे शंभरावर गेली. अनेकींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. दोन वेलींना एक नाव, एवढेच मूळ कारण. हीच अक्षरे मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी आलेल्या बाटलीवर वाचताना माझा हात थबकला, हे लपवीत नाही. बाटलीतील वेल कोणती होती हे मला सांगता येणार नाही. ते बाटलीनेच सांगायला हवे होते.

मांजराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याही जुन्या ग्रंथात असणे शक्य नव्हते. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. वनस्पतींतील अनेक द्रव्ये निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाच्या व कुत्र्याच्या यकृतात चालते, ती मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते ती यामुळेच. लसूण आणि कांदा मांजरांच्या व कुत्र्यांच्या रक्तपेशी फोडतात. चिनी औषधिकोशात लसूण, कांद्याची पात ही नेहमीची द्रव्ये आहेत आणि माणसाला ती सोसतात. मा-ह्वांग ही वनस्पती असलेल्या, माणसांसाठीच्या गोळ्या कुत्र्यांनी चुकून खाल्ल्याच्या ४७ घटना अमेरिकेत १९९७ ते १९९९ या काळात नोंदल्या गेल्या. बहुतेकांना विषबाधा झाली, काही दगावली. फू-त्झ म्हणजे आपल्या बचनागाचा सख्खा भाऊ. त्याचे शोधन नीट झाले नसेल तर मात्रेचा हिशेब करायला वेळच उरत नाही. चारशे किलोच्या घोड्यासाठी रचलेला योग चार किलोच्या मांजराला वजनाच्या प्रमाणात देऊन भागत नाही.

हा दोष केवळ अमेरिकन लेखकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या शैक्षणिक नियतकालिकांतून तिब्बवर जे लेख येतात, त्यांतील कितीतरी लेखांत इब्ने सीनाच्या नावापुढे आजचा एखादा शोध ठेवून ‘हे आमच्याकडे आधीच होते’ एवढे म्हटले की काम संपते. मीही तरुणपणी असा एक लेख लिहिला आहे. तो आज कोणी वाचू नये अशी इच्छा आहे. याउलट तेराव्या शतकातील इब्नुल बैतार पाहा. नावावरूनच पशुवैद्याचा मुलगा. त्याच्या औषधिकोशात सुमारे चौदाशे द्रव्ये आहेत, आणि प्रत्येकाखाली कोणते वाक्य दियुस्कुरिदुसचे, कोणते जालिनूसचे, कोणते अमक्या अरब लेखकाचे हे त्याने नावानिशी वेगळे ठेवले आहे. पूर्वसूरींची चूक आढळली तर तेही सांगितले आहे. श्वार्ट्झ आणि शिए यांच्या ग्रंथांकडून माझी अपेक्षा याहून जास्त नाही. कोणता योग यू बंधूंचा, कोणता माणसांच्या वैद्यकातून उचललेला, कोणता लेखकाच्या दवाखान्यात गेल्या वीस वर्षांत जमलेला, आणि कोणता कोणत्या प्राण्यावर किती वेळा तपासलेला, हे प्रत्येक पानावर वेगळे दिसावे. या क्षेत्रात शिकविणारा, लिहिणारा आणि विकणारा यांच्यातील अंतर पुष्कळदा फार थोडे असते, म्हणून तर ते अधिकच हवे.

आणखी एक बाब. रक्तवर्धक चिनी औषधांत ‘अ-ज्याओ’ला मोठा मान आहे, ते गाढवाच्या कातड्यापासून काढलेले सरस. त्याच्या मागणीपायी आफ्रिकेतील गाढवांची एवढी कत्तल झाली की आफ्रिकन युनियनने फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यांसाठी गाढवे मारण्यावर बंदीचा निर्णय घेतला. पाणी वाहणाऱ्या बाईचे गाढव जाते आणि दुसऱ्या खंडात कोणाचे तरी रक्त वाढते. प्राणिमात्रांवरील दयेच्या भाषेत या औषधांची जाहिरात होते तेव्हा ही यादीही वाचायला हवी.

आमच्या सहकारी बाईंना मी एवढेच सांगितले, की विक्रेत्याला पत्र लिहून फांग-जीचे वनस्पतिशास्त्रीय नाव विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गोळी देऊ नका. पत्र गेले. चार महिने झाले. आभाराचे आणि सवलतीच्या दराचे अशी दोन उत्तरे आली, त्यांत नाव नव्हते. मानोला पशुवैद्य एक दिवसाआड कातडीखाली सलाईन देतात. बाटली कपाटात वरच्या फळीवर आहे.